जर्मनीला चाललोय, कॉन्टॅक्टमधल्या सगळ्या नंबरांना +९१ कसं लावायचं?

सांगवीकर

पुढच्या महिन्यात कंपनीकडून म्युनिकला शिफ्ट होतोय. फोनमध्ये हजारेक कॉन्टॅक्ट आहेत, त्यातले कितीतरी नोकियाच्या काळापासून सिमवरून सिमवर उचलत आणलेले, त्यामुळे कोणाचा नंबर नुसता दहा आकडी, कोणाच्या आधी शून्य, कोणाच्या आधी ९१ आहे पण प्लस नाही, मध्येच डॅश, कंस, स्पेस, नुसती खिचडी. तिथलं सिम घेतलं की व्हॉट्सॲपचा नंबरही बदलायचा विचार आहे, तर ऑफिसातला एकजण म्हणतो अर्धी लिस्ट गायब होईल. खरंय का? आणि एकेक उघडून दुरुस्त करत बसणं शक्य नाही, एक्सेलमध्ये घेऊन सरसकट सगळ्यांना +९१ जोडून परत टाकलं तर चालेल का? अँड्रॉइड आहे, गूगलला सिंक आहे. अजून एक, आईच्या फोनमध्येही असंच करून दिलं तर तिला इथल्या इथे आयएसडी चार्ज नाही ना लागणार?

रेंज_नाही

आईला काही फरक पडत नाही, भारतात +९१ लावून भारतातलाच नंबर फिरवला की तो साधाच कॉल धरतात. उलट फायदाच, प्लस असला की तोच नंबर कुठूनही लागतो. नाहीतर जर्मनीतून ००, अमेरिकेतून ०११, ऑस्ट्रेलियातून ००११, कोण लक्षात ठेवणार. की-पॅडवर शून्य दाबून धरलं की प्लस येतो, एवढं शिकवून ठेव.

व्हॉट्सॲपचं खरंय. ज्या नंबराला देशाचा कोड नाही तो, तुझं व्हॉट्सॲप ज्या देशाच्या नंबरवर चालू आहे, त्याच देशाचा धरला जातो. म्हणजे तू जर्मन नंबर घेतलास की बिनकोडाचा सदाशिव पेठेतला मित्रही जर्मन झाला. चॅट कुठे जात नाहीत, पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो आणि मग प्रोफाइल फोटो बघून ओळखत बसायचं.

आकडेमोड

सरसकट +९१ अजिबात जोडू नकोस, आधी आकडे मोज.

पहिलं काम बॅकअप. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट उघड, एक्स्पोर्ट मार, एकदा व्हीकार्डमध्ये (ही फाइल बाजूला ठेव, हात लावायचा नाही) आणि एकदा गूगल सीएसव्हीमध्ये (शीटमध्ये तक्त्यासारखी उघडणारी फाइल). सिमवर किंवा नुसत्या फोनमध्ये सेव्ह केलेले यात येणार नाहीत, ते आधी गूगल अकाउंटला हलव.

आता सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नकोस. मराठीत सेव्ह केलेली नावं बहुतेक वेळा चित्रविचित्र अक्षरांची होतात, सुरुवातीचं शून्य आणि प्लस उडतो आणि बारा आकडी नंबर ९.१९ई+११ असा दिसायला लागतो, तसाच सेव्ह झाला की पुढचे आकडे गेले ते गेलेच. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट कर आणि तिथे टेक्स्टचे आकडे करण्याची जी टिक असते ती काढून टाक. फोनच्या कॉलममध्ये एका माणसाचे दोन नंबर असतील तर ते मध्ये तीन कोलन घालून एकाच चौकोनात येतात, ते आधी वेगळे कर, नाहीतर दोन्ही चिकटून वीस आकडी होतील.

मग स्पेस, डॅश, कंस काढ. ज्यांना प्लस आहे त्यांना हातच लावायचा नाही. ज्यांच्या सुरुवातीला ०० आहे तिथे ०० च्या जागी प्लस. उरलेल्यांचं सुरुवातीचं एक शून्य काढ आणि मोज. दहा आकडे राहिले तर +९१. बारा राहिले आणि सुरुवात ९१ ने असेल तर नुसता प्लस. बाकी जे काही राहील ते वेगळ्या शीटमध्ये आणि हाताने बघायचं. ९१ दिसलं की कोड समजून काढायला जाऊ नकोस हां, ९१५८, ९१६७ असे मोबाईल नंबरच सुरू होतात, तिथे ९१ काढलं की आठच आकडे उरतील.

सांगवीकर

भारी. पण लँडलाइनचं काय? आईकडे पुण्याचे नंबर आठ आकडी आहेत, कोडशिवाय.

आकडेमोड

आपल्याकडे एसटीडी कोड शून्य सोडून आणि पुढचा नंबर मिळून दहाच आकडे होतात, पुणे २० आणि आठ, नागपूर ७१२ आणि सात. त्यामुळे कोडसकट असेल तर वरचाच नियम लागू. आठ आकडी पुण्याचेच असतील तर आधी +९१२० लाव, पण मुंबईचेही आठच असतात, तेव्हा नावं बघून. १०८, ११२, १९३० असल्या हेल्पलाइन नंबरांना काहीही लावायचं नाही.

एडिसनची_ताई

दहा आकडे म्हणजे भारत हे अर्धसत्य आहे. अमेरिकेचेही दहाच असतात. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनचा कोड ७३२, कोणी +१ न लावता सेव्ह केला असेल तर तुमच्या फॉर्म्युल्यात आमचं अख्खं घर भारतात जाऊन बसेल 😄 लंडनवाल्यांचंही तेच, त्यांचा मोबाईल ०७ ने सुरू होतो, शून्य काढलं की ७ ने सुरू होणारे दहा आकडे, हुबेहूब आपल्यासारखे. दुबईवाले वाचतात, ०५० मधलं शून्य काढलं की नऊच उरतात, म्हणून ते तुमच्या वेगळ्या शीटमध्ये येतील.

फॉर्म्युला चालवण्याआधी लिस्टमधले परदेशातले नातेवाईक-मित्र शोधून त्यांना हाताने कोड लावा, असे किती असतात, वीस-पंचवीस. शून्य काढूनच त्याच्या जागी कोड लावायचा, फक्त इटलीच्या लँडलाइनचं शून्य ठेवायचं, रोम +३९०६.

खडूस_काका

एवढा उपद्व्याप कशाला? व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच ठेव, सगळे जागच्या जागी राहतील. बँकेच्या ओटीपीसाठी तो नंबर जिवंत ठेवावाच लागणार आहे.

रेंज_नाही

काका, व्हॉट्सॲपचं पटलं, पण जर्मन सिमवरून साधा फोन लावताना +९१ लागणारच ना. आणि भारतीय सिमचा रिचार्ज चुकला की नंबर बंद होऊन दुसऱ्याच कोणाला मिळू शकतो, मग व्हॉट्सॲपही गेलं. नंबर नीट करणं काही टळत नाही.

सांगवीकर

ताई, बरं झालं सांगितलंत, मामेभाऊ ७३२ वालाच निघाला. शेवटचं, सीएसव्ही परत टाकली तर सगळे डबल नाही का होणार?

आकडेमोड

होणार. आधी दोन-चार कॉन्टॅक्टची छोटी फाइल टाकून बघ, प्लस टिकलाय का आणि मराठी नावं नीट आहेत का. मग जुने सगळे डिलीट करून नवी फाइल इम्पोर्ट कर. घाबरू नकोस, डिलीट केलेले ३० दिवस ट्रॅशमध्ये असतात, आणि सेटिंगमध्ये बदल मागे घ्यायचीही सोय आहे, तीही ३० दिवसांपर्यंतच. म्हणून विमानात बसायच्या आदल्या रात्री नको, या शनिवार-रविवारी उरकून टाक. आणि बँकेचा १८०० वाला टोल फ्री नंबर तिकडून सहसा लागत नाही, कार्डाच्या मागे परदेशातून फोन करायचा वेगळा नंबर असला तर तो आत्ताच सेव्ह कर.