पाटी येणार म्हणे

प्रेषक: बापू, सॅन होजे
तारीख: १९ जानेवारी २०१०

मंडळी,

संक्रांतीच्या डब्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. माझे तीन स्टीलचे डबे कुणाकडे तरी आहेत. ते हॉलच्या किचनमध्ये आणून ठेवा, नाव विचारणार नाही.

आता दुसरा विषय. काल ॲपलनं पत्रकारांना आमंत्रण धाडलं. २७ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोत, येर्बा बुएना सेंटरला. रंगाचे शिंतोडे आणि 'आमची नवी निर्मिती बघायला या' एवढाच मजकूर. काय ते कुणी सांगत नाही, पण आमच्या ऑफिसात चहाला दुसरा विषय नाही. दहा इंची पडद्याचा कॉम्प्युटर, बोटानं चालणार, किंमत हजार डॉलरपर्यंत आणि नाव म्हणे आयस्लेट. स्लेट म्हणजे आपली पाटी की! पहिलीत थुंकी लावून पुसायचो ती.

मला अजून कळलेलं नाही की ही ठेवायची कुठं. खिशात फोन आहे, टेबलावर लॅपटॉप आहे. मधे रिकामी जागा कुठाय? न्यूटन आठवतोय का कुणाला? हातात धरायचा छोटा कॉम्प्युटर, १९९३ मध्ये ॲपलनंच काढला होता. अक्षर ओळखणार म्हणून गाजावाजा केला, त्यानं भलतंच वाचलं, लोक हसले, १९९८ मध्ये गुंडाळला. २००१ मध्ये बिल गेट्सनं कॉमडेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनात टॅब्लेट पीसी दाखवून सांगितलं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी हाच असेल. आठ वर्षं झाली. आमच्या अख्ख्या मजल्यावर तो एकाकडेही नाही. आणि परवा ६ तारखेला लास वेगासला मायक्रोसॉफ्टचा बाल्मर एचपीची पाटी हातात घेऊन उभा होता, तेव्हाही टाळ्या बेताच्याच.

सांगा, काय करणार घेऊन?

बापू

---

प्रेषक: वहिनी, लंडन
तारीख: १९ जानेवारी २०१०

बापूभावजी,

डबे माझ्याकडे नाहीत. (लंडनहून कसे असतील, पण तुमचा नेम नाही.)

मी काय करणार ते सांगते. मराठी वाचणार. ऑक्टोबरात किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र, अमेरिकेबाहेर मिळायला लागलं तेव्हा हौसेनं मागवलं. इंग्रजी पुस्तकांना उत्तम, डोळ्यांना त्रास नाही, चार्जिंग आठवड्यातनं एकदा. मराठी फाइल टाकली की नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन, जसं काही घराला फरशी बसवतायत. नोव्हेंबरात पीडीएफ उघडायची सोय आली म्हणून दिवाळी अंकाची पानं स्कॅन करून चढवली, तर अख्खं पान सहा इंचांत मावतं आणि अक्षरं मोहरीएवढी. आडवं धरलं तर अर्धं पान दिसतं, पण दोन कॉलम असले की खाली जा, वर या, पुन्हा खाली जा.

दहा इंचांत पान जवळजवळ अंकाएवढंच दिसेल. बोटांनी चिमटा काढून मोठं करता आलं तर काय पाहिजे! मला त्यावर लिहायचं नाही, ऑफिसचं काम करायचं नाही. हजार डॉलर मात्र देणार नाही. पाचशेला आली तर ह्यांना न विचारता घेईन.

---

प्रेषक: पिंट्या, सध्या कोल्हापूर
तारीख: २३ जानेवारी २०१०

बापू, वहिनी आणि समस्त मंडळ,

रजेवर घरी आलोय. राजारामपुरीत. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बापूचा प्रश्न डोक्यात घेऊनच विमानात बसलो होतो. मग एक जुनी गोष्ट आठवली. पाम पायलट, म्हणजे खिशातला डायरीवजा कॉम्प्युटर, निघण्याआधी तो बनवणारा जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून फिरायचा. मीटिंगची वेळ ठरवायची झाली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा. यंत्र बनायच्या आधी माणूस ते हातात घेऊन नक्की करतो काय, ते बघायला. म्हटलं, हे तर आपल्याला उद्यमनगरात साठ रुपयांत जमेल.

ॲपलचं माप कुणालाच ठाऊक नाही, म्हणून किंडलच्या मोठ्या भावाचं, डीएक्सचं माप घेतलं. साडेदहा बाय सव्वासात इंच, जाडी सेंटिमीटरभर, वजन अर्धा किलोच्या वर. नानांच्या ओळखीचा मिस्त्री आहे, पॅटर्नचं काम करतो. त्यानं सहा एमएमचा प्लाय कापला, वर काळं ॲक्रिलिक चिकटवलं, वजनाला आत खाच मारून लोखंडी पट्टी बसवली. काट्यावर ठेवलं, ५४० ग्रॅम.

"चालू कुठनं होतंय?"

"होत नाही. नुसती पाटीच आहे."

"मग घिऊन करणार काय?"

"तेच बघायचंय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की परदेशात राहून पोरगं वाया गेलं. पैसे मात्र साठच घेतले, वर चहा पाजला.

घरी आणून दिवाणखान्यात टाकली आणि कुणाला काही सांगितलं नाही. तीन दिवस नुसतं बघत बसलो.

पहिले नाना. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं फाउंड्रीत गेलेली. उचलली, अंगठा कडेवरनं फिरवला आणि म्हणाले, "कडा मारल्या न्हाईत ह्याच्या." मग मी सांगितलं की यावर पेपर दिसतो असं समजा आणि वाचा. पेपर धरतात तशी दोन्ही हातांनी उभी धरली. दोन-तीन मिनिटांत कोपर खुर्चीच्या हाताला टेकलं. आणखी थोड्या वेळानं पाटी पोटावर. शेवटी एक पाय दुमडून मांडीवर टेकवली, खाली उशी घेतली आणि म्हणाले, "आता बराय." म्हणजे अर्धा किलो हातावर धरून कुणी वाचत नाही. ज्यांनी वाचनाचं यंत्र म्हणून स्वप्नं बघितलीत त्यांनी उशीचाही खर्च धरावा.

आई. सकाळी बघतो तर पाटी दुधाच्या पातेल्यावर झाकण! दुपारी मात्र ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून उभी केली होती. विचारलं तर म्हणाली, "हितं पोरीचं तोंड दिसलं तर पोळ्या लाटत बोलता येईल." माझी बहीण मेलबर्नला. आमचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या शेजारी. रविवारी स्काइप करायचं म्हणजे दोघं आवरून, खुर्च्या ओढून, फोटोला बसल्यासारखे ताठ बसतात. पाच मिनिटांत बोलणं संपतं, कारण तसं बसून कोण काय बोलणार? आईनं आपण होऊन यंत्र ओट्यावर आणलं, यातच मला उत्तर दिसलं. कॅमेरा असेलच त्यात, तो नसेल तर मग काय अर्थ आहे.

पुतण्या, वय सहा. माझा आयफोन बघितलेला, त्यामुळं आल्या आल्या काळ्या काचेवरनं बोट सरकवलं. काही झालं नाही तेव्हा म्हणाला, "काका, चार्जिंग संपलंय."

की-बोर्ड कुठाय असं तिघांपैकी कुणी विचारलं नाही. कामाचं विचारलं फक्त थोरल्या भावानं. लक्ष्मीपुरीत दुकान आहे. "टॅली चालतंय का ह्यात?" म्हणजे दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. बहुतेक नाही, म्हटलं. "मग तुझं तुला लखलाभ."

एक गोष्ट मात्र मी आधी धरलीच नव्हती. पाटी घरभर हातोहात फिरली. नानांनी आईला दिली, आईनं पोराला, पोरानं शेजारच्या काकूंना नेऊन दाखवली. लॅपटॉप कुणी असा देत नाही. लॅपटॉप आपल्यापुढं ठेवून वळवून दाखवतात, "हे बघ" म्हणायचं आणि पुन्हा आपल्याकडं. सकाळचा पेपर कसा असतो आपल्या घरात? पहिलं पान नानांकडं, पुरवणी आईकडं, खेळाचं पान संडासात. लग्नाचा अल्बमही तसाच, या मांडीवरनं त्या मांडीवर. बापू, तू फोन आणि लॅपटॉपच्या मधली जागा शोधतोयस. मी म्हणतो ती पेपर आणि अल्बमच्या जागी येऊन बसेल. तिथं आजवर कॉम्प्युटर पोचलेलाच नाही, म्हणून आपल्याला ती जागा दिसत नाही.

आता माझ्याच बोलण्यातली भोकं सांगतो, नाहीतर आबा सांगतीलच.

एक, ऊन. जानेवारीत नाना पेपर गच्चीवर वाचतात, उन्हाला पाठ करून. वहिनींचं किंडल तिथं चालेल, कारण त्यात दिवा नसतो, कागदासारखं बाहेरच्या उजेडात दिसतं. आयफोनसारखा पडदा गच्चीवर आरशासारखा होतो, आपलंच तोंड दिसतं.

दुसरं बोट. नानांनी माझा फोन घेतला आणि नखानं दाबला. फोन ढिम्म. या काचेला दाब कळत नाही, कातडीतनं वीज वाहते म्हणून बोट टेकलेलं कळतं, नखातनं ती वाहत नाही. पेरानं टेकवायला सांगितलं, तर चाळीस वर्षं भट्टीपुढं राठ झालेलं पेर तीनदा टेकवल्यावर एकदा लागलं. "मला वळखत न्हाई हे," म्हणाले आणि परत दिला. आईचे पिठाचे हात तर वेगळंच प्रकरण.

तिसरं मराठी. चौकोन इथंही आले तर नानांच्या लेखी ती पाटीच, दुधावर झाकायची.

आणि हजार डॉलर म्हणजे आजच्या भावानं सेहेचाळीस हजार. गुजरीत विचारलं तर अडीच तोळ्यांच्या वर सोनं. आई काय घेईल ते मला विचारू नका.

लाईट जायची वेळ झाली, पाठवतो.

पिंट्या

---

प्रेषक: आबा, टोरांटो
तारीख: २४ जानेवारी २०१०

चि. पिंट्यास आशीर्वाद.

भोकं तूच सांगितलीस, तरी एक राहिलं. तुमच्या पिढीला वारणा आठवत नसेल. मी त्या भागातला, म्हणून सांगतो. १९९८ मध्ये सरकारनं वारणानगरच्या आसपासच्या सत्तरेक गावांत कॉम्प्युटर बसवायची योजना काढली, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून. देशभर चर्चा. गावात केंद्र, त्यात कॉम्प्युटर, शेतकऱ्यानं यावं आणि बाजारभाव, सल्ला, काय काय बघावं. नंतर मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी जाऊन बघितलं तेव्हा माणसं तिथं प्रामुख्यानं विचारत होती ती साखर कारखान्याची माहिती. माझा ऊस किती टन भरला? खताचे किती कापले? मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी मोबाईलचा एसएमएस करून बघितला. मेसेज टाकला की आकडा परत. लोक खूश, खर्चही कमी.

आता जानेवारी आहे, ऊसतोड चालू आहे, बैलगाड्या कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उभ्या आहेत. त्या माणसाला एक आकडा पाहिजे आणि तो त्याच्या बाराशे रुपयांच्या फोनवर येतो. त्याला तुझी दहा इंची काच काय करायची? मोठा पडदा दिला म्हणजे मोठी गरज तयार होत नाही.

नानांना नमस्कार सांग. कडा मारल्या नाहीत हे बरोबर बोलले.

आबा

---

प्रेषक: बापू, सॅन होजे
तारीख: २४ जानेवारी २०१०

आबांशी शंभर टक्के सहमत, पण दुधाच्या पातेल्यामुळं माझं मत पाव इंच सरकलंय. की-बोर्ड नाही म्हणजे कामाचं नाही हे माझं अजून पक्कं आहे. फक्त, आमच्या आईनं लॅपटॉपला आजवर हातसुद्धा लावलेला नाही, पातेल्यावर ठेवणं तर लांबच. भीती वाटते तिला, काहीतरी बिघडेल म्हणून.

दोन डबे मिळाले. एक बाकी.

---

प्रेषक: पिंट्या, कोल्हापूर
तारीख: २६ जानेवारी २०१०

आबा, सा. न.

वारणेचं पटलं. आकडा पाहिजे त्याला आकडाच द्यावा. पण तो काट्यापुढचा माणूस रात्री घरी गेल्यावर काय करतो? तेव्हा त्याला आकडा नको असतो. टीव्हीपुढं बसतो, पोराची चित्रं बघतो, पुण्याच्या लेकीशी बोलतो. मी त्या वेळेबद्दल बोलतोय. तेव्हाच्या माणसासाठी कॉम्प्युटर कुणी बनवलेलाच नाही, सगळे काट्यापुढच्यासाठीच. सेहेचाळीस हजारांत तो घेणार नाही हे मलाही कळतं. बाराशेचा फोनही एकेकाळी बाराशेला नव्हता.

आज सकाळी झेंडावंदन, मग चौकाचौकात जिलेबी. अर्धा किलो आणली, नानांनी पाटी पुढं ओढून कागद त्यावरच उघडला. ॲक्रिलिक पाकानं चिकट झालंय, पुसून निघत नाही.

उद्या तिकडं सकाळी दहा म्हणजे आपल्याकडं रात्री साडेअकरा. लाईट राहिली तर नाना जागणार म्हणतायत. कशाला, विचारलं, तर म्हणाले, "वजन सांगत्यात का बघायचं."

मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, खरी आली की माप तेवढं कळव. चप्पल लाईनीत त्याचा मेव्हणा आहे, तो कातड्याचं कव्हर शिवून देतो म्हणे, आतनं मऊ, आणि मागं टेकू. टेकू आईच्या ओट्यासाठी, हे मी सांगितलेलं नव्हतं.

बापू, एक डबा इथं सापडला. माझ्या बॅगेत. येताना आणतो.

पिंट्या