श्रेडरमध्ये माल अडकला, तर इमर्जन्सी स्टॉप पुरेसा आहे का?

गिअरबॉक्स
दोन शाफ्टच्या प्लॅस्टिक श्रेडरबद्दल (प्लॅस्टिकचे तुकडे करणारं मशिन) लिहितोय. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण दाबून हॉपरमध्ये (माल टाकायचं तोंड) हात घालणं पूर्ण बंद व्हायला हवं. ते बटण सहसा फक्त कंट्रोल सर्किट तोडतं, पॅनेलमध्ये सप्लाय तसाच असतो. कॉन्टॅक्टरचे (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) पॉइंट चिकटलेले असू शकतात. दुसऱ्याने बटण सोडवून स्टार्ट दिला तरी संपलं. मेन आयसोलेटर, म्हणजे सप्लायच तोडणारा मुख्य स्विच, ऑफ करा. ज्याचा हात आत जाणार, त्याचंच कुलूप आयसोलेटरला आणि किल्ली त्याच्याच खिशात. मग इमर्जन्सी स्टॉप सोडवून स्टार्ट दाबून बघा. तो दाबलेलाच ठेवला तर मशिन कशामुळे बंद आहे, हेच कळत नाही.

तिसरी पाळी
तत्त्व मान्य, पण हे टिकत नाही. पाळीत आठ-दहा वेळा माल अडकतो आणि आयसोलेटर असतो पॅनेल रूममध्ये. चौथ्या वेळी कुणी कुलूप लावत नाही. त्यापेक्षा ऑटो रिव्हर्स नीट सेट करा: करंट वाढला की थांबणं, थोडं उलट, पुन्हा सुलट, तीन प्रयत्नांनंतर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. उरलेला माल बाहेरून लांब आकडीने ओढता येतो.

गिअरबॉक्स
इथेच माझा सर्वात मोठा आक्षेप आहे. उलट-सुलट होताना मशिन मध्ये क्षणभर थांबतं आणि बघणाऱ्याला ते बंद वाटतं. ‘हळू फिरतं’ हीही फसगतच. 300 मिमी व्यासाचं ब्लेड मिनिटाला 20 फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे 31 सेंमी सरकतं. बोट पकडलं तर कोपरापर्यंत दीड सेकंद. आकडी अडकली तर ती हातासकट ओढली जाते किंवा दांडा उसळून छातीवर येतो. चालू शाफ्टवर आकडीसुद्धा नको.

पॅनेलवाला
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. आयसोलेटर लांब असेल तर तो मशिनजवळ आणा. मात्र तो व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि मोटरच्या मध्ये बसवला, तर त्याचा सहायक कॉन्टॅक्ट आधी ड्राइव्ह थांबवेल अशी जोडणी हवी. झाकण उघडताच मशिन थांबवायला साधा मॅग्नेटिक स्विच नको, त्यावर लोखंडी कपाटाचं चुंबक चिकटवून मशिन चालवतात. फक्त स्वतःचाच जोडीदार ओळखणारा कोडेड सेन्सर घ्या. 40 ते 120 मिमीच्या उघड्या फटीतून अख्खा हात आत जातो, म्हणून आयएसओ 13857 हे सुरक्षित अंतरांचं मानक ब्लेडपासून 850 मिमी अंतर मागतं.

आणि कुलूप लावलं म्हणजे ऊर्जा संपली असं नाही. पिळलेला टायर किंवा वायर कापताच शाफ्ट उलटा झटका देतो. आधी लाकडी ठोकळा अडकवा. एका शाफ्टच्या मशिनमध्ये हायड्रॉलिक पुशरचा दाबही सोडावा लागतो. ग्राइंडरचा जड रोटर तर सप्लाय गेल्यावरही फिरत राहतो, त्यामुळे त्याच्या झाकणाचं लॉक शून्य वेग मिळेपर्यंत उघडता कामा नये.

तिसरी पाळी
आयसोलेटर मशिनजवळ आला तर कुलपाला माझा विरोध नाही, आणि चालू मशिनवरची आकडी मागे घेतो. पण माल इतका अडकतो का, याला कुणीच हात घातला नाही. फिल्मचा अख्खा रोल टाकला की ती शाफ्टवर गुंडाळते आणि स्पेसरमध्ये (ब्लेडच्या मधल्या कड्या) वितळून बसते. रोल आधी चिरा, फीड कन्व्हेयर मोटरच्या करंटला जोडा, बोथट ब्लेड वेळेत काढा. कुलपाच्या आधी पैसे इथे घाला.

गिअरबॉक्स
आधी नाही, सोबत. फीड सुधारेपर्यंतही माणसं त्या हॉपरपाशी उभी असतातच.