हवेत विचित्र वास आला म्हणजे भूकंपाची चाहूल? मला वाटतं उडवून लावू नये

पाथर्डीफाटाकर
मागच्या आठवड्यात आमच्याकडे नाशिकला पाथर्डी फाटा, इंदिरानगर पट्ट्यात रात्री सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज फिरला की जमिनीतून गॅस निघतोय, भूकंप येणार, आज घरात झोपू नका. काही लोक हसले आणि काही खरंच म्हाताऱ्या माणसांना घेऊन पार्किंगमध्ये बसले. मला कोणाला घाबरवायचं नाहीये, पण थोतांड म्हणून सोडून देणंही पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात कळवणला दळवटकडे, पेठ-सुरगाण्याला हादरे बसतात, शेजारी डहाणू-तलासरीची माणसं २०१८च्या नोव्हेंबरपासून सोसतायत. जमिनीत ताण वाढला की खडकाला बारीक भेगा पडतात, त्यातून अडकलेला गॅस सुटतो, हे शास्त्रज्ञच सांगतात ना? १९६६च्या ताश्कंदच्या भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू वाढलेला सापडला, १९९५ला जपानच्या कोबेच्या भूकंपाआधी पण भूजलात रेडॉन वाढल्याची नोंद आहे. मग लोकांच्या नाकाला काही जाणवलं तर निदान ते लिहून तरी ठेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दगडमाती
दादा, रेडॉनला वासच नसतो. रंग नाही, चव नाही, तो मोजायला यंत्रच लागतं, त्यामुळे ताश्कंद आणि कोबेचा दाखला वासाला लागू होत नाही. आणि रेडॉनचं पण काय झालं बघा. इटलीत २००९ला एका तंत्रज्ञाने रेडॉन वाढला म्हणून मार्चअखेर सुल्मोना गावाला भूकंप होणार असं सांगितलं, लोक घाबरले, तिथे काहीच झालं नाही आणि ६ एप्रिलला भूकंप झाला तो लाक्विलाला, पन्नासेक किलोमीटर लांब. ३०९ माणसं गेली. त्याचं ऐकून सुल्मोनाची माणसं लाक्विलाला हलवली असती तर? भाकीत म्हणजे कुठे, कधी आणि केवढा, ही तीन उत्तरं लागतात, नुसतं 'काहीतरी होणार' याला भाकीत म्हणत नाहीत.

निफाडचा बागायतदार
वासाचं मी सांगतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्याकडे भुरी रोगासाठी गंधक मारतात, धुरळणी असेल तर दिंडोरी, पिंपळगाव, निफाड, कुठेही जा, गंधकाचा वास येणार. कांद्याच्या चाळीत माल सडायला लागला की त्याचा वास वेगळाच, आणि तोही गंधकाच्याच संयुगांचा. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत दबून राहते, वर जात नाही, म्हणून गटारीचा, शेणखताचा, नदीत कुजलेल्या पाणवेलींचा, सगळेच वास लांबवर येतात. एवढी वर्षं आम्ही गंधकाच्या वासात राहतोय, त्याच्यावरून भूकंप सांगायचा तर रोजच सांगावा लागेल.

पाथर्डीफाटाकर
काका, बागेचा वास आम्हालाही ओळखता येतो, हा तो नव्हता. आणि हे फक्त आपल्याकडचं नाहीये. जपानमध्ये २०२०च्या जूनपासून मिउरा द्वीपकल्प, योकोसुका, योकोहामा इथे लोक सतत विचित्र वासाच्या तक्रारी करत होते, तिथल्या प्रशासनाने हवेचे नमुने घेतले तर आयसोपेंटेन, ब्यूटेन वगैरे वायूंचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त सापडलं. जपानसारखा देश हे गांभीर्याने घेतो, आपण नुसता मेसेज फॉरवर्ड करतो नाहीतर डिलीट करतो.

नाशिकरोडची मधुरा
मला पाथर्डीकर दादांचं म्हणणं पटतं. त्या जपानच्या वासानंतर २०२१च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोला चांगला ५.९चा धक्का बसलाच ना. सगळं योगायोगावर ढकलायचं का? लाक्विलाच्या वेळी बेडूक पण पाच दिवस आधी तळं सोडून गेले होते, त्यावर रीतसर अभ्यास झालाय.

दगडमाती
मधुराताई, जून २०२० ते ऑक्टोबर २०२१ म्हणजे सव्वा वर्ष झालं. जपान आणि आसपासच्या समुद्रात ५ च्या वरचे भूकंप दरवर्षी डझनांनी होतात, तिथे कुठल्याही दिवशी वास आला तरी सव्वा वर्षात कुठेतरी भूकंप सापडणारच. हाच तर मुद्दा आहे, वास आला आणि काहीच झालं नाही असे दिवस कोणी मोजत नाही. आयसोपेंटेन आणि ब्यूटेन हे पेट्रोलच्या वाफेतही असतात, आणि ती टोकियोची खाडी आहे, चोवीस तास जहाजं आणि रिफायनऱ्या. बेडकांचा अभ्यास खरा आहे, पण एका तळ्याचा, एका भूकंपाचा. आणि आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे, इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय. गंधकाचा वास वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांजवळ येतो, तोही पिढ्यानपिढ्या, भूकंप असो नसो.

उमरग्याची लेक
माझं माहेर किल्लारीपासून लांब नाही, लग्नानंतर नाशिकला आले, म्हणून हे वाचून राहवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. जवळपास दहा हजार माणसं गेली. वास वगैरे आमच्याकडे कोणी कधी सांगितला नाही, पण हादरे आणि जमिनीतून गुडगुड आवाज हे १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून होतं, लोक तेव्हाही बाहेर झोपले होते, मग हादरे थांबले आणि सगळे परत आत गेले. परत आत जाणारच, वर्षभर कोण बाहेर झोपेल? माणसं मेली ती दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर पडून. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. चाहूल लागली होती, पण घरं तशीच राहिली. नाशिक तर २००२च्या नकाशात झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात, दाखवलंय आणि भद्रकाली, पंचवटीतले जुने वाडे, गोदाकाठची काझीची गढी, तिथे माणसं राहतात. मला वासापेक्षा त्यांची काळजी वाटते.

निफाडचा बागायतदार
ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात.

सिडकोतला फिटर
एक कामाची गोष्ट, कोणाचं मत काही असो. घरात किंवा गल्लीत सडका वास आला तर पहिला संशय गॅस गळतीचा घ्या. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि १९०६ ला फोन. गटारीचा वायू असेल तर अजून जपा, हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाकच बधिर होतं, वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नसतं. पार्किंगमध्ये बसलेल्यांपैकी कोणी फोन केला होता का?

पाथर्डीफाटाकर
फोन कोणीच केला नाही, आणि तो व्हायला पाहिजे होता, हे मान्य. पण नोंद ठेवायचा मुद्दा मी सोडत नाहीये. तारीख, वेळ, भाग, वारा कुठून होता, एवढं लिहून ठेवलं आणि मेरी या नाशिकच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या भूकंपमापकावरच्या नोंदींशी वर्षभर ताडून पाहिलं तर काय बिघडतं? काही निघालं नाही तर तेही कळेल.

दगडमाती
काही बिघडत नाही, उलट कराच, वारा लिहिलात तर वासाचं मूळ तरी सापडेल. फक्त वास न आलेले दिवस पण लिहा, नाहीतर ताडून पाहण्याला अर्थ नाही. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत ग्रुपवर 'भूकंप येणार' असं कोणीही टाकायचं नाही, त्या रात्री आजारी माणसांना थंडीत बाहेर बसवलं गेलं ते मला अजिबात पटलेलं नाही.