स्वतःचे फोटो काढून स्वतःची ओळख होते का? की नुसती हौस?

खिडकीवाली (कोथरूड)
गेल्या जूनपासून दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतःचा एक फोटो काढते. ट्रायपॉड, १० सेकंदांचा टायमर, अंगात गाऊन असेल तर गाऊन. ५१ फोटो झाले. परवा सगळे प्रिंट काढून फरशीवर मांडले, तेव्हा दिसलं की नोव्हेंबरपासून माझा उजवा खांदा वर चढलाय. नोव्हेंबरातच सासूबाई अंथरुणाला खिळल्या. डायरीही लिहीत होते, तिच्यात मात्र पानापानावर 'ठीक चाललंय'. डायरीत मी वाक्यं जुळवते, खांदा कसा जुळवणार? म्हणून माझं मत असं की स्वतःकडे बघायला डायरीपेक्षा फोटो बरा. सेल्फी नव्हे हं. सेल्फीत आपण पडद्यावर स्वतःला बघूनच बटण दाबतो. टायमर लावला की चेहऱ्याचं काय करायचं तेच सुचत नाही.

नारायणपेठी
नाही पटलं. खांदा वर आहे हे आमचा शिंपी एका मापात सांगतो, वर पैसेही घेत नाही. कॅमेरा लावलाय हे ज्याला ठाऊक आहे तो सोंगच आणणार, मग १० सेकंद द्या नाहीतर १०० द्या. १८४० साली इपोलित बायार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं (फोटो काढायची स्वतःची पद्धत यानंही शोधली होती) स्वतःचा फोटो काढला, तो बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेऊन. डोळे मिटलेले, अंग उघडं. मागे मजकूर असा की सरकारनं फोटोच्या शोधातला प्रतिस्पर्धी डागेर याला भरभरून दिलं, बायारला काहीच नाही, म्हणून या दुर्दैवी माणसानं पाण्यात जीव दिला. त्यानंतर गृहस्थ १८८७पर्यंत जगले! फोटोचा शोध जाहीर होऊन वर्ष-दीड वर्ष होतंय, तोवर ही थाप.

स्टुडिओकाका
तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढतोय. रोज एकजण तरी म्हणतो, "काका, हा मी वाटतच नाही." कारण साधं आहे. जन्मभर तो स्वतःला आरशात उलटा बघतो, फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो. अमेरिकेत १९७७ साली यावर प्रयोग झाला होता: माणसाला स्वतःची आरशातली छबी जास्त आवडली, त्याच्या मित्रमंडळींना सरळ फोटो. त्यात मोबाइल हातभर अंतरावर. नाक जवळ, कान लांब, त्यामुळे नाक मोठंच येणार. त्यावरून मनाचे निष्कर्ष काढू नयेत. चार-पाच फूट मागे या, मग बोलू.
ताई ट्रायपॉड वापरतात ते उत्तम. पण एक शंका. खिडकीचा उजेड एका बाजूनं असेल तर तो खांदा उंच भासतो, आणि नोव्हेंबरात ऊन तिरकं होतं. खांदा चढला की उजेड सरकला?

रोल३६
हौस म्हणून हिणवायचं कारण नाही. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी अनेक दशकं स्वतःचे फोटो काढले. कधी फेट्यात, कधी जवळजवळ उघड्या अंगानं, कधी पुस्तकांच्या गराड्यात. लाइक कोण देणार होतं तेव्हा?

नारायणपेठी
लाइक नव्हते म्हणजे आत्मज्ञान होतं, असं होत नाही. वेळ होता, कॅमेरा होता, बस.

सकाळची_शिफ्ट (हिंजवडी)
मी हे करून बघितलंय, म्हणून सांगते. रोज एक फोटो, सहा महिने. शेवटी शेवटी मी फक्त हनुवटीखालचा भाग झूम करत बसायचे. स्वतःकडे बघणं आणि स्वतःला तपासणं यात फरक आहे, आणि तो एकटीला कळत नाही. जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंना १९८२मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. पुढं त्यांनी रोझी मार्टिन यांच्यासोबत फोटो-थेरपी सुरू केली. 'सोबत' हा शब्द महत्त्वाचा. आळीपाळीनं एकीनं कॅमेऱ्यापुढं बसायचं, दुसरीनं कॅमेरा धरायचा. एकटीनं बंद खोलीत नाही. ज्यांना आधीच शरीराची लाज वाटते त्यांना हा सल्ला देऊ नका, प्लीज.

खिडकीवाली
काका, तुमच्या शंकेनं झोप उडाली. रात्री तेच प्रिंट पुन्हा बाहेर काढून फोटोतल्या मागच्या टाइल्सवरून मोजलं. जूनमध्ये दोन्ही खांदे एका रेषेत, डिसेंबरात उजवा अर्ध्या टाइलनं वर. उजेड कुठूनही येवो, टाइल हलत नाही.
नारायणपेठी, बायार बुडाला नव्हता हे कबूल. पण डावलल्याचं गाऱ्हाणं तर खरं होतं ना? ते सरळ मांडता आलं नाही म्हणून सोंग आणलं. मी डायरीत 'ठीक' लिहिलं, तेही सोंगच.
शिफ्ट, तुझं वाचून एक गोष्ट सांगायला हवी. खांदा मला दिसला नव्हता. फरशीवर मांडलेले फोटो बघून धाकटी बहीण म्हणाली, "ताई, हा खांदा काय गं?" मी तोवर डोळ्यांखालची वर्तुळं मोजत होते.

नारायणपेठी
घ्या! म्हणजे आत्मपरीक्षण बहिणीनं केलं!

खिडकीवाली
हो, फोटोवरून केलं. वर्षभर दर आठवड्याला ती घरी येत होती, तेव्हा तिलाही दिसला नव्हता.

सकाळची_शिफ्ट (हिंजवडी)
हे पटलं. पण मग सल्ल्यात तसं लिहा ना. 'फोटो काढा, आणि कुणाला तरी दाखवा.'

नारायणपेठी
माझं मत बदललेलं नाही, हे आधी नोंदवतो. आज बायको भिशीला गेली होती, तेव्हा मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून टायमर लावला. फोटोत गॅसचा सिलिंडर आणि माझं कोपर आलंय.

स्टुडिओकाका
टायमर ३ सेकंदांवर असेल, १० वर करा. आणि जिथं उभं राहणार तिथं आधी स्टूल ठेवून त्यावर फोकस धरा. मग स्टूल काढा आणि तिथंच उभे राहा.

नारायणपेठी
बरं. स्टूल खिडकीकडे ठेवू की ट्यूबलाइटखाली?