मदत हवी आहे : जिम स्टाइन्स यांच्या खेळाविषयी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील मेलबर्न क्लबचे जिम स्टाइन्स यांच्यावर मी लेख लिहीत आहे. डब्लिनमध्ये गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा पारंपरिक फुटबॉल) खेळून वाढलेले स्टाइन्स १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात आले. १९८७ मध्ये अंतिम फेरी गाठून देणाऱ्या सामन्यात, हॉथॉर्नचा गॅरी बकनारा किक मारण्याच्या तयारीत असताना ते आडवे धावले, त्याबद्दल १५ मीटरचा दंड झाला, म्हणजे बकनाराला तितके गोलजवळून किक मारता आली, आणि सामना संपल्याच्या भोंग्यानंतरच्या त्या गोलने मेलबर्न दोन गुणांनी हरले. पुढे १९९१ मध्ये त्यांनी ब्राउनलो पदक (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान) मिळवले. सलग २४४ सामन्यांचा त्यांचा विक्रम मला त्याहूनही मोठा वाटतो.

उंच रकमन (पंचांनी उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेऊन झुंजणारा खेळाडू) असूनही मैदानभर धावण्याच्या त्यांच्या पद्धतीने प्रतिस्पर्ध्यांची नेमकी कशी कोंडी होत असे, हे जाणकारांनी, विशेषतः मेलबर्नवासी सभासदांनी, कृपया समजावून सांगावे. त्या काळातील पूर्ण सामन्यांची चित्रफीत कुठे पाहता येईल, हेही कळवावे.