‘उत्सर्जन तीव्रता’ घटली म्हणजे नेमकं काय घटलं?

प्रश्न (ऐरोली): मुलीचा अकरावीचा पर्यावरणाचा प्रकल्प चालू आहे. एकीकडे वाचलं, ‘२००५ ते २०१९ मध्ये भारताची उत्सर्जन तीव्रता ३३ टक्क्यांनी घटली’. दुसरीकडे, भारताचं कार्बन उत्सर्जन वाढतंय. खरं कुठलं? आणि आर्थिक वाढ व उत्सर्जन यांची जोडी तुटते त्या ‘डीकपलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडा, ठाणे: दोन्ही खरं. भूकंपाची तीव्रता, तापाची तीव्रता या सवयीने आपण ‘तीव्रता घटली’ म्हणजे धूर घटला असं समजतो. इथे तो नुसता भागाकार आहे: उत्सर्जन भागिले जीडीपी. जीडीपी जास्त वेगाने वाढला की भागाकार उतरतो, धूर वाढत असला तरी. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट करू, हे भारताचं आश्वासनही या भागाकाराबद्दलच आहे. प्रकल्पात सरळ ‘जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन’ लिहू द्या. वाचणाऱ्याची फसगत होणार नाही.

वाशी: डीकपलिंगला ‘विलगीकरण’ म्हणतात, पण कोविडनंतर तो शब्द वाचला की दारावरचा स्टिकरच आठवतो. मी ‘फारकत’ वापरतो. वाढीने धुराशी फारकत घेतली, हे कुणालाही कळतं. मात्र आधी विशेषण हवंच. उत्सर्जन वाढतंय, पण जीडीपीपेक्षा हळू, ती सापेक्ष फारकत, भारत इथे. जीडीपी वाढतोय आणि उत्सर्जन उतरतंय, ती पूर्ण फारकत. ब्रिटनची अर्थव्यवस्था १९९० पासून बरीच वाढली आणि देशातलं उत्सर्जन निम्म्यावर आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथलं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्रही बंद झालं.

तुर्भे: ‘देशातलं’ हा शब्द गाळू नका, सगळी मेख तिथे आहे. वागळे इस्टेटमधले कारखाने गेले, ऑफिसं आली. तिथला धूर कमी झाला, पण ठाणेकरांनी पत्रा, रंग, औषधं वापरणं थोडंच सोडलं? माल दुसरीकडे बनतो, धूरही तिकडच्या खात्यावर. ब्रिटनमध्ये आयात मालामागचा धूर धरून जे मोजतात ते ‘उपभोगाधारित उत्सर्जन’. तेही घटलंय, पण देशातल्याइतकं नाही.

ऐरोली: मग देशांच्या तक्त्यात कुठला आकडा घालू?

नौपाडा, ठाणे: एकूण आणि दरडोई, दोन्ही. एकूण उत्सर्जनात भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा. दरडोई मात्र भारतीयामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकनामागे सुमारे १४. तीव्रतेचा रकाना घातलात तर वर ‘जीडीपीमागे’ लिहायला सांगा.