मदत हवी आहे: व्हॉट्सअॅपवर तीनदा तलाक, आता माहेरचे म्हणतात ‘झाला’

नमस्कार मंडळी. मोमिनपुऱ्यातली माझी मैत्रीण लेकरांना घेऊन माहेरी आली आहे. नवऱ्याने व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला: ‘तलाक, तलाक, तलाक’. तो तिने जपून ठेवलाय.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा तलाक रद्द ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. पण हे सांगितलं की तिचे अब्बा म्हणतात, “दीनाचं (म्हणजे धर्माचं) काय ते सांग, बेटा.” म्हणून मी कुराणाचा अनुवाद वाचायला घेतला. सूरह बकराच्या २२९ व्या आयतीत तलाक दोनदा, मग नीट नांदवा किंवा भलेपणाने सोडा, असं आहे. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत तर दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलंय. इथे कोणी नेमला? तरी हनफी या सुन्नी मुस्लिमांच्या एका परंपरेत एकदम दिलेले तीनही लागू धरतात, यावर अब्बा अडलेत. त्यांच्याशी आदराने बोलेल असे जाणकार मौलाना किंवा आलिमा (धर्माचं शिक्षण घेतलेल्या बाई) नागपुरात कोणाच्या ओळखीत आहेत का?

दुसरं, तिला नवऱ्याला तुरुंगात धाडायचं नाही, लेकरांचा खर्च हवाय. एफआयआर न करता दंडाधिकाऱ्यांकडे निर्वाह भत्ता मागता येतो का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो. तिथला अनुभव कोणाला असेल तर कृपया लवकर सांगा.